तात्पुरता दौरा कार्यक्रम

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी साडेआठ वाजता क्षिप्रा फोनवर म्हणाली, "मे महिन्यात कॉन्व्होकेशन आहे. आम्ही बहुतेक आरव्हीनं जाऊ. तुम्ही पण या ना, मजा येईल." एवढं बोलून ती आईकडे वळली आणि थंडीत इडलीचं पीठ का फुगत नाही या विषयाला लागली.

श्यामसुंदर वालावलकरांनी समोरच्या पेपरच्या कोऱ्या कडेवर तारीख आणि वेळ टिपून घेतली.

चौतीस वर्षं बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात बसलेल्या माणसाला तोंडी आदेश ही काय चीज असते ते सांगावं लागत नाही. साहेब जिना उतरता उतरता काहीतरी बोलून जातो. ते त्याच दिवशी कागदावर आणलं नाही, तर महिन्याभरानं साहेब म्हणतो, मी असं कधी म्हणालो? म्हणून ते ताबडतोब लिहून काढायचं आणि साहेबाकडेच पाठवायचं. मग नाही म्हणणं त्याला जड जातं. वालावलकरांनी या रीतीनं तीन साहेबांकडून त्यांच्या मनातही नसलेल्या बऱ्याच गोष्टी करून घेतल्या होत्या.

दुपारची झोप मोडून त्यांनी मुलीला मेल लिहिला. 'विषय: मे महिन्यातील विद्यापीठ दौरा. संदर्भ: आपले आज सकाळी ८.३२ वाजताचे दूरध्वनीवरील निमंत्रण. उपरोक्त निमंत्रण स्वीकारण्यात येत आहे. तात्पुरता दौरा कार्यक्रम लवकरच सादर करण्यात येईल. तुझा, बाबा.'

"अहो, ती नुसतं 'या ना' म्हणाली," वैजयंतीबाई म्हणाल्या. "दारात चपला घालणाऱ्याला आपण चहा घेऊन जा म्हणतो, तसं."

"लेखी नाकारेपर्यंत निमंत्रण कायम असतं," वालावलकर म्हणाले.

क्षिप्रा त्यांची एकुलती एक. जमिनीखालच्या पाण्यावर पीएचडी करायला अमेरिकेत गेली त्याला नऊ वर्षं झाली होती. प्रबंध रेंगाळला, दरम्यान डेन्व्हरला नोकरी लागली, आणि आता प्रबंध मंजूर होऊन पदवी घ्यायला तिला दोन राज्यं ओलांडून पुन्हा त्या गावी जायचं होतं. गाव म्हणजे विद्यापीठ, विद्यापीठाची वसतिगृहं आणि विद्यार्थ्यांना पिझ्झा विकणारी माणसं. त्याचं नाव नीट उच्चारणं वालावलकरांना नऊ वर्षांत जमलं नव्हतं, त्यामुळे घरात त्याला 'विद्यापीठाचं गाव' एवढंच म्हणत.

आरव्ही म्हणजे काय हे त्यांनी त्याच रात्री जेवायच्या आधी समजून घेतलं. बसएवढी गाडी, तिच्यात पलंग, शेगडी, बेसिन, संडास. सरकारी मराठीत त्यांनी तिला 'निवासी वाहन' असं नाव दिलं आणि इंटरनेटवर तिची आतली चित्रं पाहत बसले. एका चित्रावर ते बराच वेळ थांबले. गाडीच्या लांबीचा आडवा छेद होता तो. पंचवीस फूट लांब, आठ फूट रुंद आणि संडासाचं सोडून आत एकही दार नाही.

रविवारच्या फोनवर वालावलकरांच्या वाट्याला जे यायचं ते असं: "बाबा, बीपी किती? गोळी घेता ना? तिकडे उकडतंय का? बरं, आईला द्या." मागे, सात वर्षांपूर्वी, ते दोघं तिच्याकडे आठ आठवडे राहून आले, तेव्हा ती कामावरून आली की खोलीत जाऊन दार लावून घ्यायची. निवासी वाहनात लावून घ्यायला दार नव्हतं. चार दिवस जायला, चार दिवस यायला. आठ दिवस मुलगी समोर बसलेली असेल आणि 'आईला द्या' म्हणायची सोय नसेल, कारण आई तिथंच बसलेली असेल. दौरा कार्यक्रमात त्यांनी 'उद्देश' या सदराखाली लिहिलं: '१. पदवीदान समारंभास उपस्थिती. २. इतर.' 

कार्यक्रम नऊ पानी झाला. मुक्काम, अंतरं, पेट्रोल पंप, पर्यायी मुक्काम, वादळ आल्यास करावयाची कार्यवाही. मधे नेब्रास्का नावाचं राज्य लागत होतं. त्यात एकदा शिरलं की दिवसभर बाहेर पडता येत नाही असं दिसलं. तिथल्या नदीकाठच्या एका कॅम्पच्या व्यवस्थापक बाईंना त्यांनी पत्रच लिहिलं, आणि त्या बाईंनी त्याच दिवशी उत्तर दिलं. वालावलकर दोन दिवस त्या उत्तराकडे संशयानं पाहत होते. त्याच दिवशी उत्तर देणारं कार्यालय त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

शेवटच्या पानावर झोपण्याची व्यवस्था होती. गाडीत जागा चार. मागचा पलंग: श्री. व सौ. वालावलकर. ड्रायव्हरच्या डोक्यावरचा माळा: कु. क्षिप्रा. जेवणाचं टेबल खाली पाडून होणारा पलंग: श्री. मायकल (परिचित).

मायकल आणि क्षिप्रा सहा वर्षं एका घरात राहत होते. कागदावर मात्र ते परिचित होते.

उत्तर अकरा दिवसांनी आलं. 'वॉव बाबा! केवढं काम केलंत! फक्त एक वाटतं, आरव्हीच्या पायऱ्या खूप उंच असतात. आईच्या गुडघ्याचं काय?'

वालावलकरांचा चेहरा फुलला. "त्रुटी काढली!" ते म्हणाले. "बघ, म्हणजे फाइल जिवंत आहे. जिच्यात रस नाही त्या फाइलीत कुणी त्रुटी काढत नाही."

दुसऱ्या दिवशी ते वैजयंतीबाईंना घेऊन नेरुळच्या हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी गुडघा वाकवून पाहिला आणि बरा आहे म्हणाले.

"असं मोघम नको," वालावलकर म्हणाले. "अठरा इंच उंचीची पायरी दिवसातून सहा वेळा चढण्यास सक्षम, असं लिहा."

"अठरा इंचाची पायरी कुठे असते?"

"नेब्रास्कात."

डॉक्टरांनी लिहून दिलं. बाहेर पेशंट ताटकळले होते.

सर्टिफिकेट पाठवलं तरी वालावलकरांचं समाधान झालं नाही. नुसता कागद असून भागत नाही, प्रत्यक्ष पाहणी लागते. म्हणून एका बुधवारी सकाळी, मंडळी कामाला गेल्यावर, त्यांनी जुईनगरच्या आपल्या सोसायटीच्या खालच्या पार्किंगमध्ये मोजपट्टी आणि खडू घेऊन पंचवीस बाय आठचा चौकोन आखला. आत पलंग, शेगडी, टेबल आणि अडीच बाय तीनचा संडास आखला. दारापाशी दुधाचा क्रेट पालथा घातला, ती अठरा इंचाची पायरी. सतरंजी, पाण्याची बाटली, थर्मास आणि वैजयंतीबाई यांना खाली आणलं.

"दोन तास," ते म्हणाले. "रेषा ओलांडायची नाही."

वैजयंतीबाई क्रेटवरून आत आल्या आणि मागच्या पलंगावर बसल्या. वीस मिनिटांनी उठल्या आणि सरळ लिफ्टकडे चालू लागल्या.

"अगं, भिंतीतून गेलीस!"

"भिंतीतून नाही, कुकर लावायला गेले."

त्या परत आल्या तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी अश्विन बाइकची चावी बोटावर फिरवत चौकोनाबाहेर उभा होता. "काका, हे काय? फ्लॅट विकला की काय?"

"निवासी वाहन आहे. तू ड्रायव्हरच्या सीटवर उभा आहेस."

अश्विन दचकून बाजूला झाला. "टेन्शन नाय काका, बसा. फक्त संध्याकाळी सातच्या आत गाडी हलवा. आपली वॅगन-आर यायचीय इथे."

तेवढ्यात करावे गावची गिरजाबाई डोक्यावर टोपली घेऊन आली. बुधवारी आणि शुक्रवारी ती इमारतीत मासळी घेऊन यायची, तीस वर्षं. टोपली उतरवून तिनं दोघांकडे पाहिलं. "काय वो काका, कुनाचा साखरपुडा हाय? रांगोली कारताव ती?"

"क्षिप्राकडे जायचंय, गिरजाबाई," वैजयंतीबाई म्हणाल्या. "अशा गाडीतून. त्याची तयारी."

"अगो बाय! पोरीनं बोलावलाय?"

"बोलावलंय ना," वालावलकर म्हणाले. "निमंत्रण आहे. सध्या त्रुटींची पूर्तता चालू आहे."

गिरजाबाईला यातलं काही समजलं नाही. तिनं बोंबलांवरचं फडकं बाजूला केलं. "आमची पोर उरनला दिलीय. तिच्याकरं जायाला आमाला कागुद नाय लागत. जायाचा, नि बसायचा. ती वरडते, का आलीस म्हनून. मंग जेवाला वारते."

"अमेरिका उरण नाही, गिरजाबाई."

"त्याव खरा," ती म्हणाली. "बोंबील दिऊ का वाटा?"

वालावलकरांनी चौकोनाचे फोटो काढले, वैजयंतीबाई क्रेटवर पाय ठेवताना एक, चढल्यावर एक, आणि क्षिप्राला पाठवले. सोबत लिहिलं, 'त्रुटी क्र. १ ची पूर्तता केली आहे. आणखी काही लागल्यास कळवावे.'

दोन आठवड्यांनी उत्तर आलं. 'हाहाहा बाबा, तुम्ही ग्रेट आहात! अजून एकच. आरव्हीत संडासाची टाकी असते, ती दर दोन दिवसांनी आपणच रिकामी करायची असते, पाइप लावून. तुम्हाला चालेल का?'

पन्नास वर्षांत स्वतःचं ताट न उचललेल्या माणसानं टाकी रिकामी करण्याचे सतरा व्हिडिओ पाहिले. कुठली झडप आधी उघडायची, कुठली नंतर, हातमोजे कोणते, नळी धुवायची कशी. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर त्यांनी ते वैजयंतीबाईंना समजावून सांगितलं. वैजयंतीबाईंनी आमटीची वाटी बाजूला सारली. 'सदर जबाबदारी अधोस्वाक्षरीकार स्वतः स्वीकारत आहे,' असं वालावलकरांनी मुलीला कळवलं.

मग विमा आला. 'बाबा, बीपी असलेल्यांना वेगळा इन्शुरन्स लागतो. इकडे हॉस्पिटल म्हणजे वाट लागते. तुम्ही बघता का?' वालावलकर आठवडाभर एजंटांच्या मागे लागले, तपासणीला रक्त दिलं, सरकत्या पट्ट्यावर धावले, आणि पॉलिसीची प्रत पाठवली. मग मार्चअखेर सीटबेल्ट आला. 'मागच्या पलंगावर चालत्या गाडीत बसता येत नाही म्हणे, रूल आहे. बेल्टवाली सीट किती असतात ते मॉडेलवर आहे.' वालावलकरांनी चार बेल्टची सात मॉडेलं काढून, कुठे किती सीट याची माहिती भरून तिला पाठवली. खाली लिहिलं, 'आणखी काही लागल्यास कळवावे.'

या तीन महिन्यांत ते बदलले होते. सकाळी अंघोळ करून टेबलाशी बसत. दुपारी गाढ झोपत. सोसायटीच्या वार्षिक सभेत अश्विननं पाण्याच्या टाकीचा विषय काढला तेव्हा त्यांनी झडपांबद्दल अशी काही माहिती दिली की प्लंबर वही काढून लिहून घेऊ लागला. संध्याकाळी स्टेशनाकडे फेरी मारताना ओळखीच्या माणसाला थांबवून सांगत, "मेमध्ये मुलीबरोबर दौरा आहे. रस्त्यानं. आठ दिवस."

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात क्षिप्राचा मेल आला. एकच ओळ होती. 'बाबा, या सगळ्यावर एकदा आपण नीट बोलू या. रविवारी.'

वालावलकरांनी ती ओळ वाचली आणि चष्मा काढून पुसला. मग त्यांनी छापून काढलेला सगळा पत्रव्यवहार टेबलावर ओळीनं मांडला. आपली पत्रं डावीकडे, तिची उजवीकडे.

त्यांच्या कार्यालयात त्यांचं नाव होतं ते एका गोष्टीसाठी. चौतीस वर्षांत त्यांनी एकही अर्ज नामंजूर केला नव्हता. नामंजूर करायला कारण लिहावं लागतं, कारणाखाली सही करावी लागते, आणि सही माणसाचा पाठलाग करते. त्यापेक्षा त्रुटी काढायची. एकच. सगळ्या एकदम काढल्या तर माणूस एका खेपेत सगळे कागद घेऊन येतो आणि मग अर्ज मंजूर करावा लागतो. एक काढायची, हसून. ती पुरी झाली की दुसरी. पहिलीला दहा दिवस घ्यायचे, दुसरीला पंधरा, तिसरीला महिना. चौथीनंतर फाइलीवर लिहायचं, 'चर्चा करावी.' ज्या फाइलीवर चर्चा करावी असं पडलं तिच्यावर आजवर कुणी चर्चा केल्याचं त्यांना आठवत नव्हतं. तोवर मुदत जाते, नाहीतर माणूस. कुणालाही नाही म्हटलेलं नसतं.

हे ते रात्री जेवताना रंगवून सांगत. साहेबांची नक्कल करत, अर्जदारांची करत. दहा वर्षांची क्षिप्रा हसून हसून लोळायची. पाहुणे आले की तिला पुढे करत. "सांग बेटा, त्रुटी किती काढायच्या?" आणि ती एक बोट वर करून म्हणायची, "एकेक!"

रखमा नावाची एक बाई होती. नवऱ्याच्या नावावरचा टपरीचा परवाना स्वतःच्या नावावर करून हवा होता तिला. ती दर वेळी सांगितलेला कागद घेऊन यायची, टेबलावर दोन्ही हातांनी ठेवायची आणि खुशीत विचारायची, "अजून काय लागंल साहेब?" सातव्या की आठव्या महिन्यानंतर ती यायची थांबली. का थांबली, हे वालावलकरांनी तेव्हा विचारलं नव्हतं. निकाली निघालेल्या प्रकरणांत तिची नोंद त्यांनी स्वतः केली होती.

टेबलावर उजवीकडे चार त्रुटी होत्या. अकरा दिवस, दोन आठवडे, सतरा दिवस, तीन आठवडे. आणि खाली, साध्या मराठीत, 'बोलू या.'

वैजयंतीबाई खाली बसून डब्यांना झाकणं लावून पाहत होत्या. ज्याला झाकण सापडत नाही तो डबा बाजूला काढत होत्या.

"तुला कधी कळलं?" वालावलकरांनी विचारलं.

काय कळलं, असं वैजयंतीबाईंनी विचारलं नाही. "संडासाच्या वेळी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही दुपारी झोपायला लागला होतात. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा." त्यांनी एक झाकण दाबून पाहिलं. बसलं नाही. "आणि मला वाटलं, तिलाच लाज वाटेल. इतकं केलंत तुम्ही. कुठेतरी म्हणेल, या."

"मी काय केलंय तिचं?"

"काही नाही केलंत."

"नाही, सांग."

"मागच्या वेळी निघताना तिच्या फ्रिजवर काय लावून आलात?"

वालावलकर आठवू लागले. "अभिप्राय होते. तिच्याच सोयीसाठी. आठ आठवडे राहून काही लक्षात आलेल्या गोष्टी—"

"एकोणीस मुद्दे होते. फ्रिजमधे शिळं अन्न. गॅसजवळ कागद. रात्री उशिरा येणं. मुद्दा अकरा आठवतो?"

त्यांना आठवत होता. त्यांना त्या वेळी तो चांगला जमलाय असंही वाटलं होतं. 'श्री. मायकल यांचे वारंवार येण्याचे प्रयोजन स्पष्ट होत नाही.'

"त्याला मराठी येत नाही," ते म्हणाले.

"त्यानं तिला वाचून दाखवायला सांगितलं. विमानतळावरून परत गेल्यावर. तिनं वाचून दाखवलं, आणि ते रात्रभर हसले म्हणे. मग ती रडली. मला तिनं वर्षानं सांगितलं." वैजयंतीबाईंनी झाकण नसलेले डबे एकात एक घातले. "आता तुम्ही त्याला टेबलाच्या पलंगावर झोपवलंय."

वालावलकरांनी पत्रं गोळा केली, तारखेप्रमाणे लावली, टाचणी टोचली. हे करताना त्यांच्या लक्षात आलं की मुलीनं काम नेटकं केलं होतं. एकही पत्र कोरडं नव्हतं. प्रत्येकात 'बाबा' होतं आणि उद्गारचिन्ह होतं. तक्रार करायची म्हटली तरी कुठे बोट ठेवता आलं नसतं.

"रविवारी ती बोलेल तेव्हा सरळ विचारा," वैजयंतीबाई म्हणाल्या. "म्हणा, आम्ही यावं की नको? एका शब्दात सांग. तिला म्हणू दे नको. आपण काय मरतोय?"

"तिला म्हणता येणार नाही."

"का नाही येणार?"

"मी शिकवलेलं नाही," वालावलकर म्हणाले.

रविवारी साडेआठला फोन वाजला. व्हिडिओ नव्हता, नुसता आवाज. वैजयंतीबाई सोफ्यावर, हात मांडीवर घेऊन बसल्या. वालावलकरांनी फोन स्पीकरवर टाकला.

"बाबा," क्षिप्रा म्हणाली, "ते आरव्हीचं... मी विचार करत होते की—"

"हो, तेच सांगणार होतो," वालावलकर म्हणाले. "माझी जरा अडचण झालीय. पायांवर सूज येतेय. डॉक्टर म्हणतात, एवढा वेळ विमानात बसायचं नाही. सहा महिने तरी."

वैजयंतीबाईंनी त्यांच्या पायांकडे पाहिलं. नेहमीचे वाळलेले पाय होते.

पलीकडून एक श्वास सुटलेला ऐकू आला, लांब, बारीक. प्रेशर उतरल्यावर कुकरची शिटी अलगद उचलली की होतो तसा.

"ओह नो, बाबा," क्षिप्रा म्हणाली. "अरेरे. किती वाईट. एवढी तयारी केलीत तुम्ही. पण तब्येत महत्त्वाची. अजिबात रिस्क घेऊ नका. पाय वर ठेवून बसता ना?"

"बसतो."

"नेक्स्ट इयर नक्की."

"नेक्स्ट इयर."

आणि मग ती बोलू लागली. बीपी किती, ते विचारलं नाही. उन्हाबद्दल विचारलं नाही. विद्यापीठाच्या गावात तिची जुनी घरमालकीण होती, तिच्याकडे सगळे एक दिवस जेवायला जाणार होते. प्रबंधाच्या गाईडनं निरोप दिला होता, तो सांगितला. कॉन्व्होकेशनचा झगा एवढा मोठा आला होता की मायकल म्हणाला, यात आपण दोघं मावू. ती हसली. वालावलकरांनाही हसू आलं. नऊ वर्षांत ती त्यांच्याशी इतकं बोलली नव्हती. प्रबंधात नेमकं काय आहे, तेसुद्धा त्यांनी पहिल्यांदा विचारलं आणि तिनं सांगितलं: शेतातलं खत झिरपून विहिरीत किती वर्षांनी येतं. काही ठिकाणी तीस-चाळीस वर्षं लागतात, बाबा, म्हणाली. खत टाकणारा मरून गेलेला असतो.

"मायकलच्या आईनं तर पडदेसुद्धा नवीन शिवलेत," ती म्हणाली.

"कसले पडदे?"

"आरव्हीचे. त्यांचीच तर आहे ना आरव्ही. मायकलच्या आईबाबांची. मी सांगितलं नव्हतं?"

"नाही," वालावलकर म्हणाले. "मला वाटलं भाड्यानं घेणार."

"छे, भाडं केवढं असतं! ते दोघं आणि आम्ही दोघं. ते जानेवारीपासूनच ठरलं होतं."

"जागा किती आहेत तिच्यात?"

"चार."

वालावलकरांनी डोळ्यांपुढे शेवटचं पान आणलं. "मग आम्ही आलो असतो तर कुठे झोपलो असतो?"

"बघितलं असतं ना काहीतरी," ती म्हणाली. "बाबा, तुमचा तो प्लॅन आहे का अजून? रस्त्याचा? मायकलचे बाबा प्लॅनिंगमध्ये अगदीच हे आहेत. त्यांना अजून मुक्कामपण माहीत नाहीत."

"आहे. नऊ पानं."

"इंग्लिशमध्ये करून द्याल?"

"देतो की."

"यू आर द बेस्ट! चला, इकडे साडेदहा होत आले. आईला सांगा, पुढच्या रविवारी बोलते."

फोन बंद झाला. वैजयंतीबाई अजून तशाच बसल्या होत्या, हात मांडीवर घेऊन.

"दीड तास," त्या म्हणाल्या. "मी इथे बसले होते."

"तिला वाटलं असेल, तू आत आहेस."

"पाय सुजलेत म्हणे." त्या उठल्या. "तिला एकदा खोटं बोलावं लागलं असतं, नाहीतर एकदा खरं. तुम्ही दोन्हीतून सोडवलंत. चांगलं केलंत. मला कुणी विचारलं? माझा गुडघा चढत होता क्रेटवर."

त्या दिवशी त्यांनी कुकर लावला नाही. दुपारी दोघांनी सकाळचे पोहे खाल्ले, वेगवेगळ्या वेळी.

वालावलकरांना इंग्रजी करायला चार दिवस लागले. 'अधोस्वाक्षरीकार' गेला, 'उपरोक्त' गेलं. 'उद्देश'मधला दुसरा मुद्दा काढून टाकला, त्यामुळे पहिल्याचा आकडाही काढावा लागला. प्रवाशांची संख्या चारच असल्यानं बाकी फारसे बदल करावे लागले नाहीत. शेवटच्या पानावर त्यांनी मागच्या पलंगावर मायकलच्या आईवडिलांची नावं घातली. ती क्षिप्राला विचारून घ्यावी लागली. माळ्यावर क्षिप्रा आणि मायकल असं एका ओळीत लिहिलं. कंसातला शब्द पुसला. टेबलाचा पलंग कुणालाच लागला नाही. तिथे त्यांनी लिहिलं, 'सामान'.

मे महिन्याच्या पाच तारखेला, सकाळचे साडेअकरा वाजत आले होते, तेव्हा क्षिप्राचा निरोप आला. फोटो होता: मोठी पांढरी गाडी, खिडक्यांना निळे पडदे, दारात चौघं. खाली लिहिलं होतं, 'निघतोय उद्या! मायकलचे बाबा म्हणतात युवर डॅड इज अ जीनियस. त्यांची एकच क्वेरी आहे.'

वालावलकरांनी लगेच चष्मा चढवला.

"काय म्हणते?" वैजयंतीबाईंनी आतून विचारलं. बऱ्याच दिवसांनी त्या आपणहून काही विचारत होत्या.

"मायकलचे वडील विचारतायत, दुसऱ्या मुक्कामाला, त्या नदीकाठच्या कॅम्पवर, पाणी मिळेल का. थंडीमुळे नळ मेच्या मध्यापर्यंत बंद असतात ना तिकडे."

"मग? मिळेल का?"

"मिळेल," वालावलकर म्हणाले. ते आधीच टाइप करायला लागले होते, एका बोटानं. "ऑफिसच्या मागच्या बाजूला एक नळ चालू ठेवतात. बाईंना विचारून ठेवलंय मी."